गाडीचं ऑटो लॉक बंद करायचंय? आधी नेमकं कोणतं ते ठरवा

गाडीने जरा वेग घेतला की चारही दारांतून एकदम ‘खट्’ असा आवाज येतो आणि दारं लॉक होतात. काहींना त्या आवाजाने बरं वाटतं, काहींचा जीव घाबरा होतो. ‘हे बंद करता येतं का हो?’ असं विचारणारे बरेच असतात. येतं. बहुतेक गाड्यांत येतं, आणि पुष्कळदा एक पैसाही लागत नाही. पण विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो: तुम्हाला त्रास देणारं लॉक नेमकं कधी लागतं?

कारण ज्याला आपण सरसकट ऑटो लॉक म्हणतो ती गाडीच्या आतली चार-पाच वेगवेगळी कामं आहेत. एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. भलतंच बंद केलं तर त्रास आहे तसाच राहतो आणि एखादी चांगली सोय मात्र हातची जाते.

गाडी १५-२०च्या वेगाला पोचली की लागतं ते वेगावरचं लॉक. आपल्याकडच्या गाड्यांत हेच सर्वाधिक दिसतं. ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर ‘पी’मधून (पार्किंगमधून) काढताच लागणारं लॉक असतं, म्हणजे गाडी जागची हललेलीही नसते. तिसरं रिमोटशी जोडलेलं आहे: तुम्ही रिमोटने गाडी उघडली, पण दार एकही उघडलं नाही, तर ३० ते ६० सेकंदांत गाडी स्वतःहून पुन्हा लॉक होते. काही नव्या गाड्या किल्ली खिशात घेऊन माणूस दूर गेला की लॉक होतात. आणि शेवटचा प्रकार म्हणजे बाहेरून बसवून घेतलेलं सेंट्रल लॉकचं किट. यातली बरीच किट इग्निशन चालू करून ब्रेक दाबला की दारं लॉक करतात.

शाळेच्या फाटकापाशी मुलांना सोडताना दर वेळी लॉक काढावं लागतं म्हणून वैतागलेल्या माणसाचं दुखणं पहिल्या प्रकाराचं आहे. किल्ली आत राहून गाडी लॉक झाली, त्याचं बहुधा तिसऱ्या प्रकाराचं. दोघेही गॅरेजमध्ये जाऊन ‘ऑटो लॉक काढून टाका’ एवढंच म्हणतात, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

दाराच्या आत काय घडतं

दाराची चौकट नीट पाहिली तर तिथे एक जाड लोखंडी कडी दिसते. दार लावलं की दाराच्या कडेतला पंजा फिरतो आणि त्या कडीला घट्ट धरतो. या पंजाच्या जोडणीला लॅच म्हणतात. धावत्या गाडीत दार धरून ठेवण्याचं सगळं काम लॅच करतं. लॉकचं काम वेगळं आणि फार मर्यादित आहे. हँडल आणि लॅच यांच्यातला दुवा लॉक तोडतं, बस्स. हँडल ओढलं तरी ती ओढ लॅचपर्यंत पोचत नाही.

हे स्वतः करून बघण्यासारखं आहे. गाडी उभी असताना मागचं एक दार उघडा. दाराच्या कडेला लॅचची खाच दिसेल. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीने आतला पंजा दार लागण्याच्या दिशेने ढकला. एकदा ‘टक्’ होईल, म्हणजे दार अर्धवट लागलं. आणखी ढकला, दुसरा ‘टक्’, म्हणजे पूर्ण लागलं. आता बाहेरचं हँडल ओढा: पंजा झटक्यात मोकळा होतो. पुन्हा दोन टक् करा, या वेळी लॉक लावा, आणि हँडल ओढा. हँडल हलतं, पंजा ढिम्म हलत नाही. एवढं झालं की लॉक काढून हँडल ओढायचं आणि पंजा मोकळा करायचा. मग दार लावायचं. पंजा मिटलेला असताना दार आपटलं तर लॅच आणि कडी दोन्ही खराब होतात.

अर्धवट लागलेलं दारही धरून राहतं, हे त्या पहिल्या ‘टक्’चं महत्त्व. अमेरिकेच्या दारांविषयीच्या सुरक्षा मानकात, एफएमव्हीएसएस २०६मध्ये, पूर्ण लागलेल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन भार सोसला पाहिजे असं सांगितलंय. म्हणजे साधारण ११०० किलो वजनाचा ताण. अर्धवट लागलेल्या लॅचनेही ४,५०० न्यूटन सोसले पाहिजेत. शिवाय गुरुत्वाकर्षणाच्या ३० पट झटका बसला तरी लॅच सुटता कामा नये, तेही लॉक लावलेलं नसताना. २००४ साली जगभरासाठी वाहनांचे समान तांत्रिक नियम करायला सुरुवात झाली, तेव्हा त्यातला पहिल्या क्रमांकाचा नियम दारांच्या याच लॅच आणि लॉकचा होता.

याचा अर्थ असा, की ‘लॉक नसेल तर चालत्या गाडीत दार उघडून माणूस बाहेर पडेल’ ही भीती पूर्ण खरी नाही. लॉक नसलं तरी नीट लागलेलं दार धरून राहावं अशाच हिशोबाने ते बनवलेलं असतं. मग लॉक कशाला? दोन कारणांसाठी. अपघातात दाराचा पत्रा चेपतो, आतल्या दांड्या वाकतात आणि हँडल कोणी न ओढताही ओढलं गेल्यासारखं होऊ शकतं. लॉक असेल तर ही अपघाती ओढ लॅचपर्यंत जात नाही. दुसरं कारण अपघातापेक्षा रोजचं आहे: हँडल माणसं ओढतात. मागच्या सीटवरचं चार वर्षांचं मूल ओढतं. सिग्नलला गाडी थांबली की बाहेरचा चोर ओढतो आणि सीटवरची पर्स किंवा लॅपटॉपची बॅग घेऊन पळतो. मुंबई-दिल्लीत काचेवर टकटक करून चालकाचं लक्ष एकीकडे वेधायचं आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून बॅग लांबवायची, ही चोरांची जुनी रीत आहे. पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘ठकठक गँग’. वेगावरच्या लॉकचा आपल्या शहरांतला खरा उपयोग मला इथे दिसतो.

लॉक लावते ती दारातली छोटी बारा व्होल्टची मोटार. वीज एका दिशेने सोडली की लॉक लागतं, उलट दिशेने सोडली की निघतं. वीजही क्षणभरच, तेवढ्यात काम होतं. हुकूम देते ती दिवे, वायपर, काचा यांची व्यवस्था बघणारी कंट्रोल युनिट, जिला मेकॅनिक बीसीएम म्हणतात. वेग तिला एबीएसकडून, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडून कळतो, कारण चाकं किती फिरली हे एबीएसला मोजावंच लागतं. भारतात एप्रिल २०१९पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे वेगाची माहिती गाडीत आयती उपलब्ध, मोटार दारात आधीच बसवलेली. वेगावरचं लॉक द्यायला कंपनीला वेगळी वायर टाकावी लागत नाही, सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी लिहिल्या की झालं. स्वस्तातल्या गाडीतही ही सोय आली ती अशी. आणि सॉफ्टवेअरच्या ओळी असल्यामुळेच ती बंद करणंही सोपं आहे.

आतून दार उघडेल का?

ऑटो लॉक नको म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात हा एकच प्रश्न असतो. गाडीला आग लागली, गाडी पाण्यात गेली, अपघातात वीज गेली, तर आपण आत अडकू का?

मुंबईकरांना ही भीती कुठून आली हे सांगायला नको. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यात अडकलेल्या गाड्यांमधून अनेकांना बाहेर पडताच आलं नाही आणि ती माणसं गाडीतच गुदमरून गेली. त्यानंतर कित्येक मुंबईकर गाडीत हातोडी ठेवू लागले. ही भीती मनाचे खेळ म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण भीतीचं कारण नीट समजून घेतलं नाही तर उपाय भलताच होतो.

पाण्याचं उदाहरण घ्या. गाडीचं दार साधारण एक मीटर रुंद धरू. दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर पाणी बाहेर चढलंय आणि आत अजून कोरडं आहे. एवढ्या पाण्याचा दारावरचा रेटा सुमारे १२५ किलो वजनाइतका होतो. लॉक लागलेलं असो वा नसो, बसल्या जागेवरून ते दार ढकलणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणजे पुराच्या पाण्यात ऑटो लॉक बंद असल्याने सुटका होईल ही समजूत फसवी आहे. तिथे वाचवते ती काच. पाणी चढायला लागलं, विजेवर चालणारी काच अजून हलतेय, तोवरच ती खाली करायची आणि खिडकीतून बाहेर पडायचं. काच अडकली तर बाजूची काच कोपऱ्यात टोकदार हातोडीने फोडायची. समोरची काच फोडत बसू नये, ती दोन थरांची असते आणि तडकली तरी निघत नाही. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही आता तशाच दुहेरी येतात, तिथे हातोडी चालत नाही. आपल्या गाडीची काच कोणती हे काचेच्या कोपऱ्यावर छापलेलं असतं.

आग आणि अपघाताचं गणित वेगळं आहे. तिथे दार उघडण्यासारखं असतं, तेव्हा लॉक आड येतं का हा प्रश्न खरा आहे. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगची यंत्रणा जोरदार धडक ओळखते आणि बीसीएमला सर्व दारांची लॉक काढायला सांगते. बाहेरच्या माणसांना दार उघडून मदत करता यावी म्हणून ही सोय असते. पण ती विजेवर चालते. धडकेत बॅटरी किंवा वायरिंग तुटलं तर ती चालेलच असं नाही.

म्हणून शेवटी सगळं येऊन ठेपतं आतल्या हँडलवर, आणि इथे गाडीगणिक फरक आहे. काही गाड्यांत लॉक असतानाही आतलं हँडल एकदा ओढलं की लॉकही निघतं आणि दारही उघडतं. काहींत दोनदा ओढावं लागतं: पहिल्या ओढीला लॉक निघतं, दुसरीला दार उघडतं. काहींत दाराजवळची खुंटी किंवा हँडलपाशी असलेला छोटा खटका हाताने मागे करावा लागतो, मग हँडल चालतं. पुढच्या दाराला एक तऱ्हा आणि मागच्याला दुसरी असंही असतं, आणि त्यामागे विचार आहे. अमेरिकी मानकानुसार मागच्या दाराचं लॉक काढणं आणि हँडल ओढणं या दोन वेगळ्या कृती असाव्या लागतात, म्हणजे खेळता खेळता मुलाच्या हातून दार उघडू नये.

यांतल्या कुठल्याही पद्धतीला वीज लागत नाही. दांड्या आणि तारांवर चालणारं हे हातचं काम आहे. भारतात १ जुलै २०१९पासून नव्या कारमध्ये ज्या सोयी सक्तीच्या झाल्या त्यांत चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण, वेग वाढल्याचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर यांची चर्चा पुष्कळ झाली. त्याच यादीत एक कलम सेंट्रल लॉक हाताने उघडता येण्याचं होतं, त्याच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. माझ्या दृष्टीने ते त्या यादीतलं फार मोलाचं कलम आहे.

विजेच्या बटणानेच दार उघडणाऱ्या नव्या गाड्यांत हा प्रश्न पुन्हा उभा राहिलाय. तिथे आत कुठेतरी हाताने ओढायची तार किंवा खटका दिलेला असतो, पण मागच्या सीटवर तो चटकन सापडेल अशा जागी असेलच असं नाही. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने टेस्लाच्या २०२१ सालच्या ‘मॉडेल वाय’ गाड्यांच्या दारांच्या हँडलची चौकशी सुरू केली ती याच काळजीपोटी: वीज कमी पडल्यावर बाहेरून दार उघडत नाही आणि लहान मूल मागे बसलेलं आहे. अशी गाडी घेतली असेल तर तो खटका कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला हात लावून दाखवा.

बंद कसं करायचं

सर्वांत आधी गाडीच्या मेनूत बघा. ह्युंदाई आणि कियाच्या अनेक गाड्यांत स्क्रीनवर किंवा मीटरमध्ये वाहनाच्या सेटिंगखाली ‘डोअर’ असा भाग असतो. त्यात लॉक वेगावर लागावं, गिअरवर लागावं की लागूच नये हे निवडता येतं, आणि लॉक आपोआप कधी निघावं हेही: गाडी बंद केल्यावर की गिअर ‘पी’त टाकल्यावर. फोक्सवॅगन आणि स्कोडामध्ये हाच पर्याय ‘ओपनिंग अँड क्लोजिंग’ या नावाखाली सापडतो. गाडी थांबवून, हँडब्रेक लावून हे करा. चालत्या गाडीत बऱ्याचदा मेनूचा तो भाग उघडतही नाही.

मेनू नसलेल्या गाड्यांत बटणांची ठरावीक चाल असते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींकडे टोयोटाची कॅमरी किंवा कोरोला हमखास असते, म्हणून तिचं उदाहरण देतो. तिच्या बऱ्याच ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये सगळी दारं लावून इग्निशन ‘ऑन’ करायचं. २० सेकंदांच्या आत गिअर ‘एन’मध्ये (न्यूट्रलमध्ये) घ्यायचा आणि चालकाच्या दारावरचं लॉकचं बटण लॉकच्या बाजूला सुमारे पाच सेकंद दाबून सोडायचं. दारं एकदा लॉक होऊन उघडतात, तीच पावती. यामुळे वेगावरचं लॉक चालू असेल तर बंद होतं, बंद असेल तर चालू. गिअर ‘पी’मध्ये ठेवून हेच केलं तर गिअरशी जोडलेलं लॉक बदलतं. ‘एन’मध्ये गिअर असताना गाडी घरंगळू शकते, तेव्हा हँडब्रेक आधी.

फोर्डच्या जुन्या अमेरिकी पिकअप आणि एसयूव्हींची चाल आणखी लांबलचक होती: इग्निशन चालू करून अनलॉकचं बटण तीनदा, इग्निशन बंद करून पुन्हा तीनदा, परत चालू केलं की हॉर्न वाजणार, मग अनलॉक आणि लगेच लॉक. पुन्हा हॉर्न वाजला की ऑटो लॉकची स्थिती बदललेली. असल्या चाली मॉडेल आणि वर्षागणिक बदलतात. म्हणून इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून बटणं दाबण्याआधी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दारं आणि किल्ल्यांचा भाग वाचा. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळतं.

मेनूही नाही, चालही नाही, अशा गाड्या आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्यासाठी सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर जोडून बीसीएमची सेटिंग बदलावी लागते. स्टीअरिंगखालच्या ज्या सॉकेटला तो जोडतात तो ओबीडी पोर्ट. काही जण बाजारात मिळणारं डोंगल, म्हणजे त्याच सॉकेटमध्ये बसणारं छोटं उपकरण, लावून मोबाईल अ‍ॅपवरून स्वतःच कोडिंग करतात, म्हणजे बीसीएममधले सेटिंगचे आकडे बदलतात. ज्याला आकडा बदलण्याआधी मूळ आकडा लिहून ठेवायची शिस्त आहे त्याने करावं. इतरांनी त्या वाटेला जाऊ नये, कारण शेजारचा एखादा आकडा चुकून बदलला तर भलतीच गोष्ट बंद पडते आणि ती कळते महिन्याभराने.

बाहेरून बसवलेल्या किटचं काम निराळं आहे. जुन्या अल्टो, वॅगन आर, इंडिका यांसारख्या गाड्यांत डॅशबोर्डखाली एक छोटा डबा असतो आणि दारांत मोटार. चालकाच्या दारातल्या मोटारला सहसा पाच वायर असतात, बाकीच्यांना दोन, कारण चालकाचं दार हुकूम देतं आणि उरलेली दारं तो पाळतात. इग्निशन किंवा ब्रेकवर लॉक लावण्याची सोय बऱ्याच किटमध्ये छुप्या बटणाने बंद करता येते, आणि ते बटण दाबण्याची रीत किटसोबतच्या कागदावर असते. कागद कुणीच जपून ठेवत नाही, म्हणून ज्याने किट बसवलं त्या इलेक्ट्रिशियनकडेच जाणं बरं. डब्याकडे इग्निशनची वायर येते ती काढून टाकूनही हे थांबतं, पण ती वायर आणखी कशासाठी वापरलीय हे तपासूनच. अशा किटच्या मोटार जुन्या झाल्या की अडकतात, आणि आतली खुंटी हाताने ओढूनही जड जाते. ऑटो लॉक नको असण्याचं कारण हे असेल तर सेटिंगशी खेळण्याऐवजी मोटारच बदला.

फ्यूज काढणं हा उपाय काही जण सुचवतात. तसं करू नका. सेंट्रल लॉकच्या फ्यूजवर अनेकदा इतरही गोष्टी असतात, आणि मुख्य म्हणजे धडकेनंतर दारं आपोआप उघडण्याची सोयही त्याबरोबर जाते. आगीच्या भीतीने फ्यूज काढला आणि आगीच्या वेळी उपयोगी पडणारी गोष्टच घालवली, असं होतं.

रिमोटचं लॉक आणि उन्हातली गाडी

चोरी टाळण्यासाठी रिमोटचं हे पुन्हा लागणारं लॉक दिलंय. खिशात बटण चुकून दाबलं जाऊन गाडी रात्रभर उघडी राहू नये, एवढाच त्याचा हेतू. पण सर्वांत वाईट प्रसंग यातूनच उद्भवतात, आणि ते बहुतेक गाड्यांत मेनूतून बंद करता येत नाही. काही कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरला त्याची वेळ कमी-जास्त करता येते.

प्रसंग असा घडतो. रिमोटने गाडी उघडली, डिकी उघडली, सामान ठेवताना किल्लीही डिकीतच ठेवली आणि डिकी आपटली. काही गाड्या डिकी उघडल्याची दखल दार उघडल्यासारखी घेत नाहीत. अर्ध्या मिनिटात खट्, आणि किल्ली आत. गाडीत नुसती किल्ली असेल तर फार तर तासाभराचा खोळंबा. मागच्या सीटवर मूल बसवलेलं असेल तर गोष्ट जिवावर बेतते.

स्टॅनफर्डमधल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या गाडीतलं तापमान मोजलं. बाहेर २२ ते ३६ अंश होतं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच ४४-४५ असतं, तिथून पुढे चढणारं तापमान लहान मुलाचं शरीर झेलू शकत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात खेळता खेळता गाडीत शिरलेली शेतमजूर कुटुंबातली चार भावंडं आत अडकून गेली. तो महिना मेचा नव्हता.

म्हणून मूल गाडीत असताना किल्ली हातातून खाली ठेवायची नाही, आणि सामान ठेवण्याआधी एक दार उघडून ठेवायचं. दार उघडं असलं की पुन्हा लॉक होण्याची ती वेळ मोजलीच जात नाही. मूल आत अडकलंच तर चावीवाल्याची वाट बघत बसू नका. ११२ला फोन करा आणि मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच फोडा. आणि अंगणात उभी गाडी नेहमी लॉक करून ठेवा, किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. ऑटो लॉक नकोसं झालेल्या माणसालाही हे लॉक लागतंच.

ब्रिटन-युरोपातल्या वाचकांसाठी एक भर. तिकडच्या अनेक गाड्यांत बाहेरून लॉक केलं की डेडलॉक लागतं, म्हणजे आतलं हँडलही निकामी होतं. काच फोडून आत हात घालणाऱ्या चोराला दार उघडता येऊ नये म्हणून. त्यामुळे ‘आजोबा गाडीतच बसू देत, मी पाच मिनिटांत येतो’ म्हणून रिमोट दाबून जाऊ नका. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत लॉक दोन सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा दाबलं की डेडलॉक लागत नाही, साधं लॉक राहतं.

चाइल्ड लॉक याहून वेगळं. मागच्या दाराच्या कडेतला छोटा खटका सरकवला की त्या दाराचं फक्त आतलं हँडल चालत नाही, बाहेरून दार उघडतं. अशा हाताच्या खटक्याला वीज, वेग, रिमोट कशाचाच पत्ता नसतो, त्यामुळे मेनूत कितीही शोधलं तरी ते सापडत नाही. मागचं दार आतून उघडत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत बऱ्याचदा एवढंच निघतं. प्रवाशांच्या, विशेषतः एकट्या बाईच्या सुरक्षिततेसाठी जुलै २०१९पासून नव्या टॅक्सींमध्ये चाइल्ड लॉक देण्यास मनाई झाली. टॅक्सीत बसताना दार लावण्याआधी कडेला नजर टाकली तर तो खटका आहे का ते दिसतं.

माझं मत विचाराल तर वेगावरचं लॉक चालू ठेवावं आणि त्याच मेनूत गाडी बंद केल्यावर सगळी लॉक निघतील असा पर्याय निवडावा. शाळेपाशी, स्टेशनपाशी होणारा रोजचा वैताग बहुतांशी एवढ्यानेच संपतो. घरात लहान मूल नाही, गाडी गावातच फिरते, पाच-पाच मिनिटांनी चढ-उतार आहे, दुधाच्या किंवा औषधांच्या फेऱ्या आहेत, तर खुशाल बंद करा. म्हाताऱ्या माणसांना खुंटी ओढणं जमत नसेल तरीही बंद करा, मला ते कारण पुरेसं वाटतं. मात्र मग सिग्नलला थांबण्याआधी लॉकचं बटण दाबायची सवय लावावी लागेल.

काहीही बदललं तरी त्यानंतर उभ्या गाडीत एक तपासणी करा. चालकाची काच पूर्ण खाली करा, किल्ली बाहेरच्या माणसाच्या हातात द्या, दारं लॉक करा आणि एकेका सीटवर बसून फक्त आतल्या हँडलने किंवा खुंटीने दार उघडून बघा. मागच्या सीटवर आजीला आणि मुलांनाही करायला लावा. मग गाडी मोकळ्या रस्त्यावर २५-३०च्या वेगाने नेऊन खट् येतो की नाही ते ऐका. घरात गाडी चालवणारे दुसरे कोणी असतील तर त्यांनाही सांगा, नाहीतर दारं लॉक झालीच असतील असं समजून ते सिग्नलला निवांत थांबतील. बॅटरी बदलल्यावर किंवा सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर काही गाड्यांची सेटिंग मूळ पदावर येते, तेव्हा हेच सगळं एकदा पुन्हा करून घ्या.